१९५१ चा सॅन फ्रान्सिस्को संघ आणि कुठेही न लिहिलेला नियम

#धागा : नऊ सामने, नऊ विजय, आणि तरीही हंगामाच्या शेवटी एकही निमंत्रण नाही. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या १९५१ च्या फुटबॉल संघाची गोष्ट अमेरिकेत आज ‘मैत्रीची हृद्य कथा’ म्हणून सांगितली जाते. या धाग्याचे म्हणणे असे की, ती तशी सांगितल्याने खरे दोषी सुखरूप निसटतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल : अंडाकृती चेंडू, शिरस्त्राणे, धडका. त्या काळी महाविद्यालयीन हंगाम नोव्हेंबरअखेर संपे आणि नववर्षाच्या सुमारास मोजके ‘बाउल’ सामने होत. मियामीत ऑरेंज बाउल, न्यू ऑर्लिन्समध्ये शुगर बाउल, जॅक्सनव्हिलमध्ये गेटर बाउल. आपल्याकडच्या करंडकाप्रमाणे साखळीतून वर चढत तेथे पोहोचता येत नसे. त्या त्या शहरातील प्रतिष्ठितांची एक खासगी समिती बसे आणि तिला योग्य वाटतील त्या दोन संघांना बोलावणे धाडी. कॅलिफोर्नियातला रोझ बाउल तर करारानेच दोन मोठ्या विद्यापीठ-गटांसाठी राखलेला होता. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ त्यांपैकी एकाही गटात नव्हते. त्यामुळे या संघाला जायचे असेल तर दक्षिणेतच जावे लागणार होते. वर्णभेद जिथे कायद्यानेच चालत होता, त्या दक्षिणेत.

विद्यापीठ जेझुइट पाद्र्यांचे, १८५५ सालचे, आकाराने लहान. प्रशिक्षक जो कुहारिच, कडक शिस्तीचे. प्रसिद्धीचे काम पीट रोझेल नावाच्या तरुणाकडे. हाच पुढे १९६० पासून १९८९ पर्यंत व्यावसायिक लीगचा, म्हणजे एनएफएलचा, आयुक्त होता. संघात जिनो मार्केटी, बॉब सेंट क्लेअर आणि ऑली मॅटसन हे तिघे होते. पुढे तिघांचाही व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. एकाच महाविद्यालयाच्या एकाच संघातून तिघे, हे मोठमोठ्या विद्यापीठांनाही सहज साधलेले नाही.

मॅटसन कृष्णवर्णीय, जन्म टेक्ससचा. बर्ल टोलरही कृष्णवर्णीय, टेनेसीतल्या मेम्फिसचा. म्हणजे ज्या दक्षिणेच्या समित्यांपुढे या संघाचे नाव जाणार होते, त्याच दक्षिणेत या दोघांचा जन्म झालेला. दोघेही आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात खेळले आणि तेथून या विद्यापीठात आले.

हंगाम कसा गेला? सॅन होजे स्टेटला ३९-२ असे हरवून सुरुवात झाली. आयडाहो, कॅम्प पेंडल्टनचे सैनिक, पुन्हा सॅन होजे, सगळे सहज हरले. अटीतटीचा म्हणावा असा सामना एकच : न्यूयॉर्कमध्ये फोर्डमविरुद्ध, ३२-२६. त्या दिवशी मॅटसनने प्रतिस्पर्ध्यांची किक झेलून दोनदा थेट गोलरेषा गाठली. नंतर पॅसिफिकचा ४७-१४ असा धुव्वा उडवला आणि अखेर लोयोलाला २०-२ असे नमवले. मॅटसनने हंगामात १,५६६ यार्ड धाव घेतली आणि २१ टचडाउन केले. धावांत त्या वर्षी देशात त्याच्या पुढे कोणी नव्हते.

त्याच ऑक्टोबरात ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर येथे काय घडले, ते येथे नोंदवले पाहिजे. ड्रेक विद्यापीठाचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉनी ब्राइट चेंडूपासून दूर उभा असताना ओक्लाहोमा ए अँड एमच्या एका खेळाडूने त्याच्या तोंडावर प्रहार केला. पहिल्या काही मिनिटांत हे पुन्हा पुन्हा झाले आणि ब्राइटचा जबडा मोडला. आयोवाच्या एका वृत्तपत्राच्या दोन छायाचित्रकारांनी ते टप्प्याटप्प्याने टिपले. त्या छायाचित्रांना पुढे पुलित्झर पारितोषिक मिळाले. छायाचित्रे होती म्हणून नाकारणे अवघड झाले. तरीही त्या संस्थेची औपचारिक माफी यायला २००५ साल उजाडले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रकरणात मात्र छायाचित्र नाही, पत्र नाही, ठराव नाही. खेळाडूंनी पुढे अनेक वर्षे सांगितले ते असे : बोलावणे येऊ शकते, पण मॅटसन आणि टोलर यांना घरी ठेवावे लागेल, असे संघाला कळवण्यात आले, संघाने नकार दिला, आणि या नकारासाठी मतदान घेण्याचीही कोणाला गरज वाटली नाही. मियामीत जॉर्जिया टेक आणि बेलर खेळले, न्यू ऑर्लिन्समध्ये मेरीलँड आणि टेनेसी, जॅक्सनव्हिलमध्ये मियामी आणि क्लेम्सन. सॅन फ्रान्सिस्कोचा संघ घरीच राहिला.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. या संघाचे प्रतिस्पर्धी दुबळे होते. १९५० मध्ये स्टॅनफर्डने याच विद्यापीठाला ५५-७ असे लोळवले होते. १९५१ च्या वेळापत्रकात ना स्टॅनफर्ड होते ना बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ. नऊपैकी दोन विजय एकाच सॅन होजेवरचे, दोन लष्करी तळांच्या संघांवरचे. असोसिएटेड प्रेसच्या अखेरच्या क्रमवारीत संघ चौदावा होता. समितीने एखाद्या अधिक नावाजलेल्या संघाला पसंती दिली, तर त्यात वर्णद्वेषच होता असे कशावरून?

प्रश्न रास्त आहे. पण प्रतिस्पर्धी दुबळे होते हेच कारण असते, तर दोन खेळाडू वगळण्याची अट कशासाठी? ते दोघे वगळल्याने वेळापत्रक काही बळकट होणार नव्हते. उलट देशातला सर्वाधिक धावणारा खेळाडू गमावून संघ आणखी दुबळा झाला असता. अट घातली गेली हे खेळाडूंचे म्हणणे मान्य केले, की वेळापत्रकाचा युक्तिवाद अपुरा ठरतो. आणि ते म्हणणे केवळ कागद नाही म्हणून अमान्य करणे ही इतिहासाची शिस्त नव्हे. अमेरिकन क्रीडाक्षेत्रात अशा समझोत्यांना ‘सद्गृहस्थांचा करार’ म्हणत. कागद मागे राहू नये हेच त्या कराराचे प्रयोजन होते. मग कागदाच्या अभावाचा फायदा करार करणाऱ्यांना का मिळावा?

‘तो काळच तसा होता’ हे दुसरे नेहमीचे उत्तर. हे मात्र साफ चुकीचे. १ जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे चार वर्षे आधी, डॅलसच्या कॉटन बाउलमध्ये पेन स्टेटचा संघ आपल्या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंसह सदर्न मेथडिस्टविरुद्ध खेळला होता. डॅलसही टेक्ससमध्येच, वर्णभेदाचे कायदे तेथेही होते. सामना १३-१३ असा बरोबरीत सुटला आणि आकाश कोसळले नाही. मियामी आणि न्यू ऑर्लिन्सच्या समित्यांना हा दाखला ठाऊक नसेल, असे मानणे कठीण आहे. त्यांच्यापुढे पर्याय होता. त्यांनी तो घेतला नाही.

हंगाम संपला आणि विद्यापीठाने तोट्याचे कारण देऊन त्या पातळीवरचा फुटबॉल बंद केला. बाउलचे पैसे मिळाले असते तर खेळ वाचला असता, असे भावुक विधान अनेकदा वाचायला मिळते. ते जपून घ्यावे. सेंट मेरीज, लोयोला, सांता क्लारा, जॉर्जटाउन, फोर्डम या कॅथलिक संस्थांनीही १९५० ते १९५४ च्या दरम्यान हाच निर्णय घेतला. खर्च वाढत होता, आणि सॅन फ्रान्सिस्कोत तर १९५० पासून एनएफएलमध्ये दाखल झालेला फोर्टीनाइनर्सचा व्यावसायिक संघ त्याच केझर स्टेडियमवर खेळत होता. एका निमंत्रणाने हे सारे उलटले असते असे दिसत नाही. अन्याय सिद्ध करण्यासाठी त्याला न घडलेल्या परिणामांची जोड देण्याची गरजही नाही.

आता लुइझियाना. १९५६ च्या शुगर बाउलमध्ये पिट्सबर्गकडून बॉबी ग्रियर हा कृष्णवर्णीय खेळाडू उतरला. जॉर्जिया टेकने त्याच्याविरुद्ध खेळू नये म्हणून जॉर्जियाच्या राज्यपालांनी थयथयाट केला. सामना तरीही झाला. त्याच वर्षी लुइझियानाच्या विधिमंडळाने मिश्रवर्णीय सामन्यांवर बंदी घालणारा कायदा केला. तो न्यायालयात टिकला नाही. येथे लक्षात घ्यावे असे की, कायदा लिहिलेला होता म्हणूनच त्याला आव्हान देता आले. १९५१ च्या समित्यांनी काही लिहिलेच नव्हते, त्यामुळे त्यांना कोणत्याही न्यायालयात उभे राहावे लागले नाही.

सत्कार पुढे पुष्कळ झाले. २००८ मध्ये हयात खेळाडूंना फिएस्टा बाउलने सन्मानाने बोलावले. (फिएस्टा बाउल सुरू झाला १९७१ मध्ये. ज्यांनी नाकारले, त्यांत तो नव्हताच.) अशा सोहळ्यांत गोऱ्या सहकाऱ्यांच्या निष्ठेचे कौतुक होते. ती निष्ठा खरी होती. मार्केटी तर बल्जच्या लढाईत लढून आलेला सैनिक, त्याला धैर्य शिकवायला नको होते. पण कौतुकाचा सारा झोत संघावर राहिला की समितीच्या खोलीत कोण बसले होते, हे कोणी विचारत नाही. शिवाय मॅटसन आणि टोलर हे आपल्याच गोष्टीत इतरांच्या औदार्याचे निमित्त होऊन बसतात.

तसे ते नव्हते. मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटरमध्ये कांस्य आणि ४ × ४०० रिलेत रौप्यपदक मिळवले, मग व्यावसायिक फुटबॉल गाजवला. टोलरचा गुडघा १९५२ च्या महाविद्यालयीन निवडक संघाच्या सामन्यातच दुखावला आणि व्यावसायिक खेळाची दारे बंद झाली. तो शिक्षक झाला, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका शाळेचा मुख्याध्यापक झाला. १९६५ मध्ये एनएफएलने त्याला सामनाधिकारी नेमले. त्या लीगमधला तो पहिला कृष्णवर्णीय सामनाधिकारी. तेथे त्याने पंचवीस हंगाम काम केले आणि १९८० च्या सुपर बाउलमध्येही तो मैदानावर होता. तो सामना पॅसाडिनाच्या रोझ बाउल स्टेडियममध्ये झाला.