माळ्यावरची मोडी

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासात गेली आणि गेल्या वर्षी खोली रिकामी करायची वेळ आली. माळ्यावरून पाटा-वरवंटा उतरला, पितळेचा बंब उतरला, कुणाच्या तरी मुंजीतले पाट उतरले. त्यांची व्यवस्था अर्ध्या तासात लागली. शेवटी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली आला. तो उघडला आणि मी जिन्यातच बसकण मारली. आत एकवीस फ्लॉप्या होत्या. सहा मोठ्या, सव्वापाच इंची, पापडासारख्या वाकणाऱ्या आणि पंधरा साडेतीन इंची, कडक प्लास्टिकच्या. लेबलांवर माझेच अक्षर : ‘वर्डस्टार’, ‘लोटस’, ‘वर्गणी ९१’, ‘कादंबरी, प्रकरण ४, जुने’. एका निळ्या फ्लॉपीवर नुसते ‘दादा’.

दादा म्हणजे माझे वडील. ते गिरगावातल्या एका छापखान्यात एकतीस वर्षे जुळारी होते. शिशाचे खिळे जुळवून त्यांनी लग्नपत्रिकांपासून ज्ञानेश्वरीपर्यंत सगळे उभे केले. त्या निळ्या फ्लॉपीबद्दल पुढे सांगतो.

मी १९८१ साली बँकेत लागलो. तेव्हा जाडजूड लेजरे होती आणि महिनाअखेरीस चार पैशांच्या फरकासाठी रात्री दहापर्यंत चालणारे बॅलन्सिंग होते. परळच्या शाखेत असताना गिरणी कामगारांची खाती माझ्या टेबलावर होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढच्या महिन्यांत त्या पानांवरची शिल्लक कशी उतरत गेली, ते मी हाताने लिहिलेले आहे. १९८४ साली रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला. आमच्या गेट मीटिंगमध्ये ‘कॉम्प्युटर म्हणजे बेकारी’ अशा घोषणा झाल्या, आणि त्या देणाऱ्यांत मीही होतो. तीन-चार वर्षांनी शाखेत लेजर पोस्टिंगचे यंत्र आले तेव्हा प्रशिक्षणाला सगळ्यात आधी ज्याचे नाव गेले, तोही मीच.

डबा घेऊन मी लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने एक जुना पीसी जपून ठेवला आहे. त्याने फ्लॉपीची पत्र्याची झडप बोटाने सरकवली, आतली तबकडी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, “बुरशी आहे काका. मुंबईच्या हवेत एवढी वर्षं टिकल्या हेच खूप झालं.” सहा मोठ्यांपैकी चार उघडल्याच नाहीत. लहान पंधरांपैकी नऊ उघडल्या. बाकीच्यांनी तोच जुना प्रश्न पडद्यावर टाकला : ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल?’ रद्द करू, पुन्हा प्रयत्न करू, की हरलो म्हणू? या प्रश्नाने नव्वदीच्या दशकात माझ्या कितीतरी संध्याकाळी खाल्ल्या आहेत.

पण जे उघडले, त्याने मला पस्तीस वर्षे मागे नेले. काळ्या पडद्यावर वर्डस्टार उभे राहिले. माउस नाही, चित्रे नाहीत. डोक्याला काहीच आठवत नव्हते, बोटांना मात्र सगळे आठवत होते. मजकूर साठवून बाहेर पडायचे तर ‘कंट्रोल-के-डी’, हे हाताने आपणहून केले. लोटसमध्ये तिरकी रेघ दाबली आणि वर सूचनांची ओळ उघडली. ‘वर्गणी ९१’ हा चाळीच्या गणपतीचा हिशेब निघाला. खालची बेरीज बरोबर होती, आणि तीन बिऱ्हाडांची वर्गणी अजून येणे होती!

एका फ्लॉपीवर लाल शाईने लिहिले होते : ‘जोशी आहे. लावू नये.’ नव्या पिढीला हे कळणार नाही. १९९० साली भारतात एक व्हायरस सापडला होता, त्याचे नावच ‘जोशी’. एरवी तो गुपचूप बसे. ५ जानेवारीला मात्र यंत्र अडवून धरी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप केल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. हे जोशी कोण, कुठले, याची चर्चा त्या काळी चहाच्या टेबलावर रंगत असे. आमच्या शाखेतले जोशी त्या दिवशी रजा टाकत.

इथपर्यंत सारी गंमत होती. मग ‘दादा’ लावली.

१९९४ साली दादांनी आपल्या आठवणी दोन शंभर पानी वह्यांत लिहिल्या. लालबागला माझ्या मित्राचे डीटीपीचे दुकान होते. बँक सुटल्यावर तिथे बसून मी त्या टाइप केल्या. १९९७ साली दादा गेले. वह्या आणि छापील प्रत परळला धाकट्या भावाच्या तळमजल्यावरच्या घरी होत्या. २६ जुलै २००५ ला मुंबईत जे पाणी आले, त्यात दोन्ही गेल्या. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आमच्या घरापुरते त्या पावसाचे माप मी दोन वह्या असे धरतो.

फाइल उघडली. आत मजकूर होता, पण तो मराठी नव्हता. इंग्रजी अक्षरे, पौंडाची खूण, प्रश्नचिन्हे, उलटे स्वल्पविराम यांचा नुसता भाजीपाला. त्याचे कारण साधे आहे. त्या काळच्या फॉन्टमध्ये २५६ घरे असत आणि ती इंग्रजीच्या सोयीची होती. श्री-लिपी, आकृती, सी-डॅक अशांनी त्या घरांत आपली अर्धी अक्षरे, काने, मात्रा, रफार बसवले. ज्याने त्याने आपल्या सोयीने बसवले. एकाच्या घरात ‘क’ राही, तिथे दुसऱ्याकडे अर्धा ‘ष’. तो फॉन्ट यंत्रात नसेल तर उरतो तो भाजीपाला. त्या मंडळींना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी ती खटपट केली नसती तर मराठीचे डीटीपी झालेच नसते. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. पण सामान्य माणसाच्या यंत्रात युनिकोडची देवनागरी पोचली ती विंडोज २००० बरोबर. त्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला. (हे जोशी कोण, हे मात्र सगळ्यांना ठाऊक असायला हवे.)

माझ्या पासबुकाच्या कव्हरात दादांनी तपासलेले पहिल्या पानाचे प्रूफ सापडले. ते समोर ठेवून पुतणी आणि मी कोष्टक करायला बसलो. ही खूण म्हणजे ‘म’, ही म्हणजे अर्धा ‘त’. चार रविवार गेले. अक्षरे जुळली, पण पहिली वेलांटी सतत भलत्या अक्षरावर जाऊन बसत होती. पुतणी वैतागली. तेव्हा मला दादांचा आवाज ऐकू आला. लहानपणी छापखान्यात त्यांनी शिकवले होते, “पहिली वेलांटी आधी उचलायची, मग अक्षर. बोलताना नंतर येते, पण स्टिकमध्ये आधी बसते.” फॉन्ट करणाऱ्यांनी तेच केले होते. डोळ्याला दिसते त्या क्रमाने खुणा लावल्या होत्या. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळते. पुतणीने क्रम उलटवला आणि दादा बोलू लागले.

अडतीसपैकी छत्तीस पाने हाती आली. छापून झालेला मजकूर मोडून खिळे पुन्हा आपापल्या घरात टाकताना काय वाटे, ते त्यांनी लिहिले आहे. एक वाक्य माझ्याबद्दल आहे : ‘मुलाला कंपोझिंग येत नाही, पण चुका माझ्यासारख्याच करतो.’ बाविसावे आणि तेविसावे पान मात्र वाचता येत नाही. छापखाना बंद झाला ते दिवस बहुधा तिथे आहेत.

आता मुद्द्याचे. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत आणि ते वाचणारे थोडे, याची आपण हळहळ करतो. पण मोडी निदान एक होती. तिचे वर्ग आजही चालतात, आणि कागद हातात धरला तर शाई तरी दिसते. १९९० ते २००५ या पंधरा वर्षांत आपण मराठीच्या डझनभर मोड्या तयार केल्या आणि त्यांच्या किल्ल्या हरवून बसलो. १९५४ च्या कायद्याने छापील पुस्तकाची प्रत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाते, म्हणून छापलेले राहील. जे छापले गेलेच नाही त्याचे काय? लेखकांचे कच्चे खर्डे, कामगार रंगभूमीच्या संहिता, पतपेढ्यांचे अहवाल, मंडळांची इतिवृत्ते, कुणाच्या तरी दादांच्या आठवणी. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्यासाठी आपण नाणेघाटच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखाचा दाखला दिला. तो कातळ आजही वाचता येतो. तीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी येत नाही.

करण्यासारखे फार अवघड नाही. लालबाग-परळची मंडळे रक्तदान शिबिरे भरवतात, तशी दादर-गिरगावच्या ग्रंथालयांनी वर्षातून एकदा फ्लॉप्यांची शिबिरे भरवावीत. एक जुने यंत्र, एक जाणकार मुलगा आणि एक म्हातारा डीटीपीवाला एवढे पुरे. प्रकाशकांनी आणि फॉन्ट करणाऱ्यांनी आपापली कोष्टके सर्वांना खुली करावीत. त्यात आता धंद्याचे गुपित उरलेले नाही. आणि घराघरांतून माळे उतरत आहेत तोवर डबे उघडून पाहावेत. आमच्या एका शेजाऱ्याने अशाच फ्लॉप्या गेल्या महिन्यात भंगारवाल्याला दिल्या. त्याने त्यांचे पैसेसुद्धा दिले नाहीत. म्हणाला, “याला भाव नाही.”

लॅमिंग्टन रोडवाल्याचा काल फोन आला होता. त्याला कुठून तरी दुसरा ड्राइव्ह मिळाला आहे. म्हणाला, डोके साफ करून एकदा बाविसावे पान पुन्हा लावून बघू. पडद्यावर तोच प्रश्न येईल. ‘रिट्राय’ दाबायला मी रविवारी जाणार आहे.