एक मोठं की दोन बेताची?

हॉस्टेलच्या कॅमेऱ्यासाठी नवीन मेमरी कार्ड घ्यायचं ठरलंय आणि त्यावरून मेसमध्ये दोन पक्ष पडलेत. एक पक्ष म्हणतो, "एकच १२८ जीबीचं घ्या, वर्षभर बघायला नको." दुसरा म्हणतो, "६४ ची दोन घ्या." मी दुसऱ्या पक्षाचा. का, ते सांगतो.

आधी हिशोब. इंजिनिअरिंगला आलोय तर तेवढं यायलाच पाहिजे! २४ मेगापिक्सेलचा जेपीईजी फोटो साधारण १० एमबीचा, रॉ फाइल २५ एमबीच्या आसपास. म्हणजे ६४ जीबीत जेपीईजी सहा हजारांवर आणि रॉ अडीच हजार. पूर्वी एका रोलमध्ये फोटो निघायचे ३६! व्हिडिओचं गणित मात्र वेगळं. फोर-के, सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा एमबी, मिनिटाला ७५० एमबी. ६४ जीबी साधारण ८५ मिनिटांत खलास. तेव्हा गॅदरिंगचं अख्खं नाटक शूट करायचं असेल तर दुसरं कार्ड खिशात हवंच. (आणि कॉम्प्युटरवर ६४ ऐवजी ५९.६ दिसलं म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.)

आता मुद्द्याचं. आपण राहतो घणसोली गावात. खाडीवर फ्लेमिंगो दर हिवाळ्यात येतात, या वर्षी हुकले तर पुढच्या वर्षी भेटतील. पण फायनल इयरचा सेंड-ऑफ पुन्हा होत नाही. कार्ड असतं नखाएवढं. खाडीच्या चिखलात पडलं किंवा करप्ट झालं की सगळंच गेलं. दोन कार्डं असली तर निदान अर्धं तरी हाताला लागतं.

त्याहून मोठं कारण म्हणजे आपला आळस. कार्ड मोठं असलं की ते कोणी रिकामंच करत नाही. फ्रेशर्स पार्टी, दहीहंडी, लोणावळ्याची ट्रिप, सगळं त्याच एका कार्डात, दुसरीकडे कॉपी नाही. अहो, कार्ड ही बाजाराची पिशवी आहे, कपाट नव्हे! घरी आल्यावर पिशवी रिकामी करायची असते. लहान पिशवी लवकर भरते आणि तेवढ्यासाठी तरी आपल्याला हलवते.

विरोधी पक्षाचा सवाल रास्त आहे : "ऐन हंडी फुटताना कार्ड संपलं तर?" उत्तर सोपं. थर लागायच्या आधी किती जागा उरली ते बघा आणि कमी असेल तर तेव्हाच कार्ड बदला. अर्ध्या मिनिटाचं काम.

घरचा जुना कॅमेरा आणणाऱ्यांनी आणखी एक बघावं. साधं एसडी २ जीबीपर्यंत, २००६ मध्ये आलेलं एसडीएचसी ३२ पर्यंत आणि त्यापुढचं, म्हणजे आपलं ६४ चं, २००९ मधलं एसडीएक्ससी. जुन्या कॅमेऱ्याला नवं कार्ड बहुधा ओळखूच येत नाही, तेव्हा आधी मॅन्युअल उघडा. वेगाचंही तसंच. कार्डावर 'क्लास १०' असेल तर सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी. वर काढलेल्या साडेबाराला ती पुरत नाही. 'व्ही ३०' घ्या. आणि स्वस्तात मिळालं म्हणून भुलू नका. आकडा मोठा छापलेली नकली कार्डं बाजारात असतात. घेतल्यावर एकदा काठोकाठ भरून, सगळ्या फाइल उघडतात का ते तपासा.

माझा प्रस्ताव असा : ६४ ची दोन कार्डं, त्यांवर १ आणि २ असे नंबर. दर रविवारी रात्री ज्याच्याकडे कॅमेरा असेल त्याने फोटो दोन ठिकाणी कॉपी करायचे, दोन्हीकडे उघडून बघायचे आणि मगच कॅमेऱ्यातून कार्ड फॉरमॅट करायचं. चुकून काही डिलीट झालं तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. डिलीट केल्यावर बहुतेक वेळा फक्त नोंद पुसली जाते, वर नवं काही लिहिलं जाईपर्यंत फोटो परत मिळण्याची आशा असते.

बघा पटतंय का. पटलं तर मेसच्या मीटिंगला हात वर करा!