पत्त्यांचा पंखा

दिवाळीतला पाडवा हा साडेतीन मुहूर्तांपैकी अर्धा मुहूर्त. त्याच दिवसाला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. वर्षभर पत्त्यांकडे वाकड्या नजरेने पाहणाऱ्या घरातसुद्धा त्या दिवशी सतरंजी अंथरली जाते आणि चकलीच्या डब्याशेजारी पत्त्यांचा कॅट येऊन पडतो. शास्त्रानेच परवानगी दिल्यावर आपण नको म्हणणारे कोण? पण वाचकहो, मला आज बोलायचे आहे ते डावाविषयी नव्हे; डावाच्या आधी जे करावे लागते त्याविषयी. पाने हातात पंख्यासारखी पसरण्याविषयी.

पाने वाटून झाली की जरा सभोवार पाहा. कुणाची पाने मांडीवर सांडलेली असतात. कुणी ती विड्याच्या पानांसारखी मुठीत आवळून बसतो. कुणी इतकी मोकळी पसरतो की शेजाऱ्याला सगळी हुकमाची पाने मोजता यावीत. आणि एखादाच असा निघतो, की ज्याच्या अंगठ्याच्या एका फिरकीबरोबर तेरा पाने सुरेख उलगडतात. त्याने पुढे साऱ्या ५२ पानांचा अर्धवर्तुळाकार पंखा करून दाखवला, तर पोरे टाळ्या पिटतात आणि घरातली वडील मंडळी मात्र एकमेकांकडे पाहतात. ‘हे कुठे शिकून आला हा?’ सफाईदार हात म्हटला की आपल्याला आधी जुगारी आठवतो!

हा समज पुसायला आपल्याकडे जादूगारांचा मोठा उपयोग झाला. चाकणजवळच्या आंबेठाणात १९२४ साली जन्मलेले रघुवीर भोपळे, म्हणजे आपले जादूगार रघुवीर, यांनी देशोदेशी प्रयोग केले, आणि सभ्य मराठी कुटुंबे पोराबाळांसह तिकिटे काढून ते पाहू लागली. हातचलाखी ही फसवणूकच असते असे नाही, रियाजाने येणारी ती कलाही असते, हे त्यामुळे कितीतरी घरांना पटले.

आता कृती सांगतो. कॅट ठोकून सारखा करावा. डाव्या हातात तो खालच्या टोकाशी धरावा. अंगठा समोरून, बोटे मागून. मग उजव्या अंगठ्याचे टोक वरच्या डाव्या कोपऱ्याला टेकवून अर्धवर्तुळात उजवीकडे न्यावे. सरळ ओढला की पाने गठ्ठ्यांनी सरकतात. वळणाने नेला की एकामागून एक सुटतात. हिशेब सोपा आहे. ५२ पानांत ५१ फटी, आणि अर्धे वर्तुळ १८० अंशांचे. म्हणजे एकेका फटीच्या वाट्याला सुमारे साडेतीन अंश आले. मुहूर्तांसारखेच साडेतीन! एका पानाने जास्त घेतले की दुसऱ्याला कमी पडते, आणि पंख्याला भोक दिसते.

चांगल्या पत्त्यांच्या पाठीवर कापडाच्या विणीसारखी बारीक खळगी असतात. त्यांत हवा राहते, म्हणून पाने एकमेकांना चिकटत नाहीत. पानांच्या कोपऱ्यांत आकडा आणि रंगाची लहान खूण छापायची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली, तीही पंख्यासाठीच. नुसता कोपरा दिसला तरी बदामची राणी ओळखता यावी! पण या खुणा बहुधा चारांपैकी दोनच कोपऱ्यांत असतात. म्हणून पंखा उलट्या दिशेने, अगदी दाट उघडला, की पाने जवळजवळ कोरी दिसतात. जादूगार याचाही फायदा घेतात. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांची गोष्ट आणखी निराळी. दशावतारी गंजिफांची पाने १२०, आणि तीही गोल. तिघे बसले तर एकेकाच्या हाती ४०! गोल पानाला कोपराच नसतो. ती मांडून धरणारे हात काय तयारीचे असतील याची कल्पना करावी.

या साऱ्या कसबाचे मर्म मला मात्र कळले ते मुळशीत.

आमचे सासरेबुवा निवृत्त शिक्षक. मुळशी तालुक्यात पौडच्या पुढे त्यांचे घर आहे. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने त्यांचा डावा हात अधू झाला. चालू लागले, बोलू लागले. पण डाव्या हाताची बोटे एक तर सुटून जात, नाही तर आवळून बसत. पत्त्यांचे मोठे शौकीन. गेल्या दिवाळीत पाने वाटली, तेव्हा ‘मी नुसता बघतो’ म्हणून भिंतीला टेकून बसले. नातवाने खाच पाडलेली एक लाकडी पट्टी आणून दिली. “आजोबा, यात पाने उभी राहतात.” त्यांनी ती बाजूला ठेवली. “हात आहे ना अजून!” एवढेच म्हणाले.

या आषाढात आम्ही तिकडे गेलो होतो. मुळशीचा पाऊस तो. भिंतींना ओल, अंथरुणांना ओल, आणि साध्या कागदी पत्त्यांची तर पोळी झालेली. सासरेबुवा ओसरीवर बसून पाच पाने डाव्या हातात पसरायची खटपट करीत होते. पाने निसटू नयेत म्हणून मूठ घट्ट, आणि मूठ घट्ट म्हणून पान सरकत नाही. भातलावणीहून परतलेली शेजारीण थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, रोपांची मूठ अशी आवळून धरली, तर लावणी व्हायची कशी? सैल धरा. अंगठ्यानं फकस्त पुढं सारायचं.”

बाईंच्या हाताने त्या दिवशी हजारो रोपे लावली असतील. डाव्या हातात जुडी, अंगठ्याने तीन-चार रोपे पुढे सरकवायची, उजव्या हाताने ती चिखलात रोवायची. पंख्याचे शास्त्र याहून वेगळे काय आहे? धरायचे ते पडू नये इतकेच. सरकायला जागा ठेवायची. नोटा मोजणाऱ्या खजिनदाराचा अंगठाही हेच जाणतो.

गुरुजींनी शिष्यत्व पत्करले. पाचाची सात पाने झाली, सातांची नऊ. पाने वारंवार सांडली, नातवाने वारंवार गोळा केली. गणपतीत रात्री मेंढीकोटाचा डाव मांडला, तेव्हा त्यांच्या डाव्या हातात तेराही पाने होती. पंखा वाकडाच होता. दोन पाने एकमेकांमागे लपली होती. पण धरली होती त्यांनी स्वतः.

हल्ली मोबाइलवरही रमी चालते. तिथे पाने आयती पसरून मिळतात, रंगवार लावूनही मिळतात. सोय आहे, कबूल. पण हाताला काम उरत नाही, आणि हाताला जे शिकता आले असते तेही उरत नाही.

तेव्हा या पाडव्याला मुलांच्या हाती आधी पाचच पाने द्या. घट्ट धरू नका म्हणून सांगा. प्रत्येक पानाचा कोपरा दिसला की झाले. आणि घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला पाने लावायला वेळ लागला, तर ‘द्या, मी लावून देतो’ म्हणून हात पुढे करू नका. डाव थोडा थांबू द्या. पहिली उतारी त्यांची असू द्या.