चिंता आणि विवेक

गणेशोत्सवात पनवेलच्या घराघरांतून चिंतामणीचे नामस्मरण होते. तरीही एखाद्या कर्त्या माणसाची छाती रात्री अकारण धडधडते, झोप उडते, काही अघटित घडणार असे महिनोन्महिने वाटत राहते. आप्त म्हणतात, ‘देवावर भार टाका.’ तो टाकता येत नाही म्हणून त्याची श्रद्धा उणी, असे कोणी समजू नये. संकटाची सूचना देणारी देहाची यंत्रणा संकटावाचूनही जागीच राहते, हे त्याचे दुखणे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. प्रसंगापेक्षा त्याविषयीची आपली समजूतच अधिक छळते, हे तिचे सूत्र. उपचारक ती समजूत रुग्णापुढे मांडतो, तिला पुरावा मागतो आणि टाळलेल्या प्रसंगास हळूहळू सामोरे जावयास शिकवितो. गरजेनुसार मनोविकारतज्ज्ञ औषधही देतात.

ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्यासाठी संस्था स्थापिली. २०२२ पासून शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते.

ज्वर आला असता आपण देवाला स्मरतो आणि वैद्याकडेही जातो. भाविकहो, मनाच्या ज्वराला निराळा न्याय कशासाठी?