मडकं चर्र वाजलं, कोंबडी शिजली का?

संक्रांतीनंतरच्या एका सोमवारी ओपीडीत एकाच घरातली पाच माणसं आली. ताप, पोटात मुरडा, रविवारी दुपारपासून जुलाब. चौघांना औषध आणि ओआरएस देऊन घरी पाठवता आलं. पाचव्या होत्या आजी. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह, रक्तदाब. लघवी जवळजवळ बंद, जीभ कोरडी, क्रिएटिनिन वाढलेलं. त्यांना दाखल करून घेतलं. शनिवारी रात्री काय खाल्लं, असं विचारल्यावर थोरल्या मुलाने सांगितलं, "कासूला शेतावर पोपटी लावली होती. अख्खी कोंबडी घातली होती. पण डॉक्टर, मडकं चांगलं चर्र वाजलं होतं हो. कच्चं कसं राहील?"

कासू हे माझंही गाव. पेण आणि नागोठण्याच्या मधलं छोटंसं स्थानक, दिवा-रोहा गाडी थांबते. बाकीच्यांना हे नाव ठाऊक आहे ते 'पळस्पे ते कासू' आणि 'कासू ते इंदापूर' अशा महामार्गाच्या कधीच न संपणाऱ्या बातम्यांमुळे. पोपटी आमच्याकडे थंडीत लागते. भात कापून झालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल येतो, त्याच्या शेंगा भरल्या की मडकी बाहेर निघतात. तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये बटाटे, कांदे, अंडी, पुन्हा पाला. तोंड पाल्यानेच गच्च बंद करून मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, झावळ्या, गोवऱ्या पेटवायच्या. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. शेंगांचं आणि पाल्याचं जे पाणी सुटेल त्याच्या वाफेवर सगळं शिजतं. झालं की नाही हे बघायला जाणता माणूस तापलेल्या मडक्यावर पाणी शिंपडतो. चर्र आवाज झाला की विस्तव बाजूला.

ही परीक्षा चुकीची नाही. ती शेंगांसाठी आहे. चर्र वाजणं म्हणजे मडक्याची भिंत शंभर अंशांच्या बरीच वर गेली आहे आणि आत वाफ कोंडली आहे. बोटभर जाडीच्या शेंगेला तेवढं पुरतं. माझ्या लहानपणी मडक्यात शेंगाच मुख्य असायच्या, कोंबडी असलीच तर चार तुकडे, केळीच्या पानात बांधलेले. आता शेंगा नावाला आणि मधोमध अख्खी कोंबडी, असं दृश्य मी सर्रास बघतो. सोळाशे-सतराशे ग्रॅमचा ब्रॉयलर, किंवा हौस असेल तर गावठी कोंबडा.

उष्णतेचा एक साधा हिशोब आहे. मांसाची जाडी दुप्पट झाली की उष्णता मध्यापर्यंत पोचायला सुमारे चौपट वेळ लागतो. म्हणजे तुकडा अर्ध्या तासात शिजतो म्हणून अख्खी कोंबडी तासाभरात शिजेल, असं नाही. त्यात ती मडक्याच्या मध्यभागी, चारही बाजूंनी शेंगा-बटाट्यांच्या गादीत. पेंढ्याचा जाळ भडकतो मोठा आणि विझतोही लवकर. मडक्याला लागून असलेली कातडी करपते तेव्हा मांडी जिथे धडाला जोडलेली असते तिथलं मांस जेमतेम पन्नास-पंचावन्न अंशांवर असू शकतं. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे कोंबडीतले नेहमीचे जंतू तेवढ्याने मरतीलच असं नाही. आजींच्या शौचाच्या तपासणीत साल्मोनेलाच आला.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी टर्की करतात, हे तिकडे मुलं असलेल्या आपल्या घराघरांत आता माहीत झालंय. काही हौशी मंडळी रानातली टर्की मारून आणतात, अख्खी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग कित्येक तास मंद धुरावर शिजवतात. (आपल्याकडे कुणाला रानकोंबड्याची आठवण येत असेल तर तो विचार इथेच सोडा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.) पोपटीचीच ही चुलत बहीण म्हणायची. पण तिकडच्या कृषी खात्याचा सल्ला दोन बाबतींत पक्का असतो. मिठाच्या पाण्यातला पक्षी फ्रिजमध्ये, चार अंशांच्या खाली ठेवायचा. आणि शिजला की नाही ते वेळेवर किंवा रंगावर न ठरवता मांसात थर्मामीटर खुपसून बघायचं. सर्वांत जाड भागात ७४ अंश सेल्सिअस. जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण अन्नासाठी ७० सांगते. मी कोंबडीला ७४ च सांगतो.

रंगावर का नाही? कारण धुरातले वायू मांसाचा गुलाबी रंग पक्का करतात, आणि कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडाजवळ पूर्ण शिजल्यावरही लाली राहते. उलट पांढरं पडलेलं मांस शिजलेलंच असतं असंही नाही, ते सत्तर अंशांच्या आधीच पांढरं दिसू लागतं. म्हणजे डोळा दोन्हीकडून फसतो.

आता मिठाविषयी, कारण आमच्या खारेपाटात मिठावर श्रद्धा फार. "डॉक्टर, मीठ-हळद-आलं-लसूण चोळून रात्रभर ठेवलं होतं, जंतू कसे राहतील?" हा प्रश्न मला दर हिवाळ्यात ऐकायला मिळतो. मीठ जंतूंना रोखतं हे खरं. आपले सुके बोंबील आणि सोडे टिकतात तेही सुकवण्यामुळे आणि मिठामुळे. पण तिथे उन्हाने पाणीच काढून टाकलेलं असतं. कोंबडीला चोळलेलं मीठ मांसाच्या वजनाच्या एक-दोन टक्के. त्याने मांस मऊ आणि रसाळ होतं, चव आतपर्यंत जाते, जंतूंना मात्र फारसा त्रास होत नाही. स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू तर दहा टक्के मिठातही मजेत वाढतो आणि त्याचं विष उकळूनही जात नाही.

त्या कुटुंबाचा शनिवार मी नीट विचारून घेतला. कोंबडी सकाळी ठाण्यात घेतली, वाटण चोळून डब्यात भरली, डबा गाडीच्या डिकीत. महामार्गावर नेहमीचं ते सगळं. दुपारी शेतावर पोचले, क्रिकेट झालं, अंधार पडल्यावर मडकं भरलं. मधले आठ-नऊ तास कच्ची कोंबडी ऊबेत पडून होती. जानेवारी असला तरी बंद गाडीत थंडी नसते. कच्चं मांस दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये, कडक उन्हाळ्यात तर एकच तास. मासळी बर्फात आणायची हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, मग कोंबडीसाठी तोच थर्माकोलचा खोका का चालत नाही?

साधा जुलाबच तर आहे, दोन दिवसांत बरा होतो, असं म्हणणारे असतात. तरुणांच्या बाबतीत बहुतेक वेळा खरंही असतं. पण २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन-बारेचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला होता. तिथे मुख्य संशय पाण्यावर होता, कोंबडीवर नव्हे. मुद्दा एवढाच की पोटाच्या या जंतूनंतर क्वचित हातापायातली ताकद जाते, आणि ती कुणाची जाईल हे आधी सांगता येत नाही.

म्हणून माझं मत असं, की अख्खी कोंबडी मडक्यात घालू नये. तुकडे करा, पानात बांधा, मडक्याच्या कडेला लावा, मध्ये शेंगा राहू द्या. अख्खीच हवी असा हट्ट असेल तर टोचायचा डिजिटल थर्मामीटर घ्या, काही शे रुपयांत मिळतो. मडकं उघडल्यावर मांडीच्या सांध्यात हाडाला न टेकवता खुपसा. ७४ नसेल तर तुकडे करून कढईत पूर्ण शिजवा, लाज वाटायचं कारण नाही. घरून अर्धवट उकडून न्यायची युक्ती मात्र करू नका. कोमट मांस तीन तास प्रवास करतं तेव्हा जंतूंची सोयच होते. कच्ची कोंबडी ज्या परातीत होती तिच्यातच पोपटी ओतणं, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. जाळात प्लास्टिकच्या पिशव्या आणि टायरचे तुकडे टाकणाऱ्यांना काय सांगावं!

हल्ली पोपटी विकतही मिळते, पार्सल येतं. अन्न सुरक्षा कायद्यानुसार छोट्या विक्रेत्यालाही नोंदणी लागते. ती आहे का, आणि मडकं किती वाजता उघडलं, हे दोन प्रश्न विचारायला संकोच करू नका. गार झालेली पोपटी रात्रभर तशीच ठेवून सकाळी न्याहारीला खायची सवय आमच्या घरातही होती. आता नाही.

आजी नऊ दिवसांनी घरी गेल्या. क्रिएटिनिन उतरलं, डायलिसिसची वेळ आली नाही. निघताना मुलगा कागद घ्यायला खिडकीशी गेला, तेव्हा हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, कोंबडी सोडली मी. पण शेंगा तरी खाऊ ना? माघ सरेपर्यंतच मिळतात." म्हटलं, खा आजी, पण तुमच्या वाटच्या शेंगांवर जाडं मीठ घालू नका म्हणावं सुनेला. त्यांनी तोंड वाकडं केलं. बिनमिठाची पोपटी म्हणजे काय, हे त्यांना मी नव्याने सांगायची गरज नव्हती.