दुर्मीळ आजार, दुरापास्त निदान

विशेष प्रतिनिधी

डहाणू-तलासरीसारख्या आदिवासी पट्ट्यात तरुण स्त्रीला धाप लागू लागली, की आधी रक्तक्षय, क्षयरोग किंवा दम्याचा संशय घेतला जाणे स्वाभाविक आहे, कारण हेच आजार अधिक आढळतात. मात्र, औषधोपचारानंतरही धाप वाढतच राहिली तर पुढे काय, हा खरा प्रश्न आहे.

लिम्फॅन्जिओलिओमायोमॅटोसिस, अर्थात ‘लॅम’, हा आजार नेमका येथेच निसटतो. तो जवळजवळ केवळ स्त्रियांना आणि प्रामुख्याने प्रजननक्षम वयात होतो. ‘टीएससी’ जनुकांतील दोषामुळे स्नायुपेशींसारख्या पेशी फुप्फुसात अनिर्बंध वाढतात व तेथे हवेच्या पोकळ्या तयार होतात. पोकळी फुटल्यास फुप्फुस अचानक आकसते. काही रुग्णांच्या मूत्रपिंडातही गाठी आढळतात. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये काही दिसेलच असे नाही. त्यासाठी उच्च दर्जाचे सीटी स्कॅन लागते.

आजार दुर्मीळ असला तरी निरुपाय नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८९ रुग्णांवरील चाचणीत ‘सिरोलिमस’ या औषधाने फुप्फुसांची घसरण थोपवल्याचे दिसले. २०१५ मध्ये अमेरिकेने या आजारासाठी त्याला मान्यता दिली. हे औषध भारतात मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर वापरले जाते. मात्र, ते आजार बरा करीत नाही आणि गमावलेली क्षमता परत आणत नाही. त्यामुळे निदानाला होणाऱ्या विलंबाची किंमत रुग्णाला श्वासाने चुकवावी लागते.

केंद्राने २०२१ मध्ये दुर्मीळ आजार धोरण जाहीर केले. त्यातील उत्कृष्टता केंद्रांमध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा समावेश आहे. पण तलासरीहून परळ सुमारे दीडशे किलोमीटर. पालघर जिल्हा २०१४ मध्ये स्वतंत्र झाला, तरी येथील अनेक रुग्ण उपचारांसाठी सीमेपलीकडे वलसाड वा सिल्वासा गाठतात. हातावर पोट असणाऱ्या कुटुंबाला प्रत्येक फेरीत मजुरी बुडवावी लागते.

एका विरळ आजारासाठी तालुक्यात स्वतंत्र केंद्र उभारावे, अशी कोणाची अपेक्षा नाही. उपचारांना दाद न देणारी धाप असलेल्या वा फुप्फुस वारंवार आकसणाऱ्या तरुणीला थेट सीटी स्कॅन व छातीच्या तज्ज्ञाकडे पाठवावे, एवढा दंडक पुरेसा आहे. त्याचा लाभ फुप्फुसाच्या इतर रुग्णांनाही होईल. धोरण मुंबईत आहे. ते तलासरीच्या बाह्यरुग्ण विभागापर्यंत पोहोचणे बाकी आहे.