जुने कपडे आणि नव्या होड्या

तंजावरचे भोसले राजे प्रतापसिंह यांनी अठराव्या शतकात नागोरच्या दर्ग्याला १३१ फुटांचा मनोरा बांधून दिला. शिंद्यांच्या मागोमाग उत्तरेत आलेल्या आपल्या घरांना दक्षिणेतील त्या मराठी राज्याविषयी आपुलकी वाटावी, हे स्वाभाविकच आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळील भूकंपाने उसळलेल्या त्सुनामीच्या लाटा त्याच किनाऱ्यावर आदळल्या. एकट्या नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांत मच्छीमारांच्या बायका आणि मुले फार. दर्ग्याने बेघरांना आसरा दिला आणि धर्म न विचारता कित्येक मृतांना आपल्या जागेत मूठमाती दिली.

त्यानंतर मदतीचा ओघ सुरू झाला. ठिकठिकाणांहून जुन्या कपड्यांचे ट्रक येऊ लागले. पण दर्यावर पोट भरणारा माणूस मानी असतो. दुसऱ्याच्या अंगावरचे उतरलेले कपडे त्याने का घालावेत? ते ढीग रस्त्याच्या कडेला तसेच पडून राहिले आणि हलविण्याचे काम प्रशासनाच्या माथी आले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपल्या सिंध नदीला पूर आला, तेव्हा इकडेही गठ्ठे बांधले गेलेच. दानाच्या नावाखाली घरातील अडगळ किती सहज बाहेर पडते, हे वाचकांस सांगावयास नको.

होड्यांची कथा याहून बोलकी आहे. ओंडके एकत्र बांधून केलेली कट्टुमरम हे तेथील गरीब मच्छीमाराचे जुने वाहन. ती फुटली, वाहून गेली. तेव्हा निरनिराळ्या संस्थांनी फायबरच्या होड्या वाटल्या, इतक्या की अनेक गावांत पूर्वीपेक्षा होड्या अधिक झाल्या. (होडी देताना छायाचित्रही चांगले येते!) समुद्रातील मासे मात्र वाढले नव्हते. शिवाय ज्याची होडी बुडाली, त्याचे नाव यादीत चटकन लागले. डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकणारी बाई, दुसऱ्याच्या होडीवरचा मजूर आणि दलित वस्त्या यांची नावे मागे राहिली.

ज्यांनी आधी विचारले, त्यांचे काम टिकले. नागपट्टणमला स्वयंसेवी संस्थांनी प्रशासनाच्या साहाय्याने समन्वय केंद्र उभारले. कोठे काय हवे याची माहिती तेथे मिळू लागली. खारे पाणी शिरलेल्या शेतांत जिप्सम टाकले, धैंचा पेरून गाडला, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढले.

झाडांचेही तसेच. पिचावरमच्या तिवरांमागील वस्त्यांना झळ कमी लागली, असे पुष्कळांनी नोंदविले. तिवरांनी किती रक्षण केले आणि जमिनीच्या उंचीने किती, यावर अभ्यासकांत वाद आहे; पण कांदळवन माशांच्या पिलांचे घर आहे, याविषयी दुमत नाही. त्यामुळे लाटेनंतर किनाऱ्यावर रोपे लावण्याची चढाओढ लागली. वस्तुतः भरतीचे पाणी खेळत नाही तेथे तिवर जगत नाही. म्हणून पिचावरमला स्वामिनाथन प्रतिष्ठान आणि वनखाते यांनी त्सुनामीच्या बऱ्याच आधी, उजाड खाजणात प्रथम माशाच्या काट्यासारखे चर खोदले, खाडीचे पाणी आत आणले आणि मगच रोपे लावली. त्या चरांत साचणारा गाळ अधूनमधून काढावा लागतो. ते काम गावकऱ्यांनाच करावे लागते, आणि त्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही.